द्वारकाबाईंचे तीन पाट

बळवंतराव “दोन” म्हणाले आणि त्यांनी पाय टाकला. दुसरा पाट तिथे नव्हता. तो माझ्या काखेत होता.

पाटाच्या उंचीवर टेकायला निघालेला उजवा पाय चार बोटं खाली गेला. डाव्या हातातली काठी सुटली आणि ते उजव्या कमरेवर पडले. आवाज फार मोठा झाला नाही. तांदळाचं पोतं खाली ठेवल्यासारखा झाला. मग ते ओरडले. पक्षाघातानंतर त्यांचे शब्द नीट फुटत नसत, पण ते ओरडणं अगदी स्वच्छ होतं.

मी हसत उभी होते. ते पडले तरी हसू लगेच गेलं नाही. आपण त्यांची वाट सोपी केली, आता ते खूश होतील, अशा समजुतीने मी उभी होते.

न्हाणीघरापासून त्यांच्या खाटेपर्यंत तीन पाट मांडलेले असत. जेवायला बसायचे साधे लाकडी पाट, मध्ये दोन-दोन पावलांची जागा सोडून. त्यांची बायको द्वारकाबाई ते मांडत असत. नवऱ्याने एका पाटावर चढायचं, उतरायचं, पुढच्यावर चढायचं. न्हाणीघराकडे जाताना भिंत डाव्या हाताला यायची, म्हणजे चांगल्या बाजूला. येताना ती वाईट बाजूला. त्या सकाळी द्वारकाबाई किराणा आणायला गेल्या होत्या. बळवंतरावांनी पाणी मागितलं म्हणून मी खालून वर गेले. पाणी पिऊन ते न्हाणीघरात गेले तेव्हा त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मला वाटलं, निदान येताना तरी माणसाला सुखाने येऊ द्यावं. तिन्ही पाट उचलणार होते. मधला उचलला तेवढ्यात दार उघडलं.

त्यांनी खाली पाहिलं नाही. खाली बघायची त्यांना मनाईच होती. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं आणि मोठ्याने मोजत यायचं. मला तोंड होतं. “थांबा, पाट उचललाय,” एवढं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. त्यांना आपलं आपण कळू दे, असं वाटलं.

ते ओरडले तसा माझ्या काखेतला पाट निसटला, तो मी दोन्ही हातांनी धरला आणि तो उलटा झाला. खालच्या बाजूला चारी कडांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बसवल्या होत्या, बारीक चुका मारून. फरशीवर पाट घसरू नये म्हणून. चुका जवळजवळ मारल्या होत्या आणि एकही वर आलेली नव्हती. चार महिने मी त्या पाटांना नावं ठेवत होते. एकदाही उचलून पाहिला नव्हता.

जिन्यावर पावलं वाजली. द्वारकाबाई पिशवी घेऊन दारात आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पाटाकडे पाहिलं.

“उशी आणा,” म्हणाल्या. “त्यांना उठवू नका. डोक्याखाली उशी द्या आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावा.”

मला त्यांनी त्या दिवशी काही विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही.

नारायणगुड्याच्या आमच्या गल्लीत त्या वर राहायच्या आणि मी खाली. मध्ये अठरा पायऱ्या. मी जामबागेतल्या एका शाळेत आया होते. चौथी शिकलेल्या बाईला त्यापेक्षा मोठं काम मिळत नाही, आणि मला ते पुरलं. बळवंतराव सिकंदराबादला रेल्वेत पार्सलच्या ऑफिसात होते. त्यांचा एकुलता मुलगा निरंजन पुण्याला कॉम्प्युटरच्या कामात. द्वारकाबाई घरीच असत. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालताना पदर कमरेला खोचलेला. डाव्या हाताचं कोपर कधी सरळ होत नसे. त्यामुळे त्यांच्या घरात डबे वरच्या फळीवर नव्हतेच, सगळे कमरेच्या उंचीवर.

शेजारीण म्हणून त्या सोयीच्या नव्हत्या. विरजण हवं असेल, सुई हवी असेल, तर मी खालून हाक मारायची आणि त्या कठड्यावरून वाकून म्हणायच्या, “वर या.”

“अहो, टाका ना खाली पुडीत बांधून. माझे गुडघे!”

“गुडघ्यांनाच बोलावतेय. वर या.”

वर गेलं की चहा मिळायचा, पण टाकून काही मिळायचं नाही. मी म्हणायचे, या बाईला देवाने मायेच्या जागी दगड दिलाय. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटलंय. त्यावर त्या म्हणाल्या, “असू द्या. साखर किती घालू?”

बळवंतरावांना पक्षाघात झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सरकारी दवाखान्यात व्यायाम करून घेणारी एक तेलुगू मुलगी होती. ती त्यांना उभं करून दर वेळी म्हणायची, “कालु एत्तालि, तातगारू, कालु एत्तालि.” पाय उचला, आजोबा. पाय ओढत चालायची सवय लागली तर तो कायमचा ओढतच राहील, असं तिने द्वारकाबाईंना समजावलं. बाकीच्या बायका ऐकून घरी जातात आणि विसरतात. या घरी आल्या आणि माळ्यावरचे पाट काढले.

पाटांच्या आधी सदरा झाला. निरंजनने बापासाठी डोक्यातून घालायचे मऊ बनियन पाठवले होते, बिनबटणांचे. द्वारकाबाईंनी ते कपाटात ठेवून दिले आणि बटणांचे सदरे बाहेर काढले. पहिल्या दिवशी सहा बटणं लावायला बळवंतरावांना इतका वेळ लागला की चहा दोनदा गरम करावा लागला. त्या समोर बसून मेथी निवडत होत्या. हात पुढे केला नाही. शेवटी बटणं लागली तीही चुकीच्या काजात, एक बाजू वर, एक खाली. तसल्या सदऱ्यात त्यांना धरून त्या भाजी आणायला निघाल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रझियाआपाचं शिवणाचं दुकान. आपा मशीन थांबवून ओरडली, “भाभी, भाईसाब के बटनां उल्टे लगे!”

“हौ,” द्वारकाबाई म्हणाल्या. “पन उनोंच लगाए.”

आपा आधी हसली आणि मग हसायची थांबली. मशीनवरून उठली आणि बळवंतरावांसाठी खुर्ची बाहेर काढून ठेवली. द्वारकाबाईंनी बसू दिलं नाही. “येताना बसतील,” म्हणाल्या.

मी हे सगळं पाहत होते आणि माझ्या मते न्याय करत होते. गरीब माणूस, चाळीस वर्षं कमावून घातलं, आता पडला तर ही सूड घेतेय. त्यांचं लग्न काही फार गोड नव्हतं हे आम्हाला माहीत होतं. तरुणपणी ते तापट होते. म्हणून मला ते सोपं गेलं.

मग डाळ. रोज जेवणाआधी त्या थाळीत तूर आणि हरभऱ्याची डाळ मिसळून त्यांच्यापुढे ठेवायच्या. उजव्या हाताने वेगळी करायची. चिमूट जमत नसे, दाणे उडायचे, त्यांची मान लालबुंद व्हायची. दोन तास बसून ते दोन ढीग करायचे. एकदा मी चाळणी परत द्यायला गेले होते. माझ्या डोळ्यांसमोर या बाईने ते दोन्ही ढीग उचलले आणि परत एका डब्यात ओतून हलवले. उद्यासाठी.

“द्वारकाबाई, त्यांनी निवडली होती ती!”

“हो. छान निवडली.”

“मग मिसळली का?”

“शिजवायची नव्हती.”

दुसऱ्या दिवशी त्या आंघोळीला गेल्या तेव्हा मी वर जाऊन थाळी ओढली आणि भराभर निवडून दिली. बळवंतरावांनी डाव्या हाताने माझा हात दाबला. डोळ्यांत पाणी होतं. मला फार बरं वाटलं. चार-पाच दिवस असं चाललं. सहाव्या दिवशी द्वारकाबाईंनी थाळी पाहिली, ढिगातून बोट फिरवलं. संध्याकाळी माझ्या दारात दोन डाळी मिसळलेला डबा घेऊन आल्या. स्वतः उतरून आल्या, जे त्या कधी करत नसत.

“तुम्हाला निवडायला आवडतं,” म्हणाल्या. “ही तुमची वेगळी. त्यांची त्यांना करू द्या.”

तो डबा मी रागाने पंधरा दिवस तसाच ठेवला.

त्या रागातच संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. गल्लीतल्या सात-आठ मराठी बायका माझ्याकडे जमल्या होत्या. पाटांचा विषय मीच काढला. “नवऱ्याला घरातल्या घरात अडथळ्यांची शर्यत लावलीय,” मी म्हटलं आणि उठून नक्कल करून दाखवली, पाय ओढत, हात लुळा सोडून, “ए-क, दो-न” करत. बायका पोट धरून हसल्या. मग एकेक गप्प झाली. द्वारकाबाई दारात उभ्या होत्या, हातात वाणाची ताटली. त्यांनी आत येऊन माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत वाण घातलं आणि म्हणाल्या, “त्यांचं ‘तीन’ अजून नीट येत नाही. ‘ती’वर अडतात. तुम्ही नेमकं तिथवर केलं नाहीत.”

मला वाटलं टोमणा मारला. आता वाटतं, त्यांना खरंच तेवढंच सांगायचं असावं. त्या टोमणे मारणाऱ्यांतल्या नव्हत्या.

आणि त्यानंतर महिन्याभराने ती सकाळ. ज्या माणसाची मी नक्कल केली, त्यालाच मी पाडलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. निरंजन विमानाने आला. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो होतो, मी आणि द्वारकाबाई. तो समोर उभा राहिला.

“आई, पडले कसे?”

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण द्वारकाबाई आधी बोलल्या.

“मधला पाट धुवायला उचलला होता मी. सांगायचं राहिलं.”

“पाट? अजून ते पाट चालूच आहेत? मी फोनवर सांगितलं होतं ना, बंद कर म्हणून?”

“हो, सांगितलं होतंस.”

“तू मारशील त्यांना, आई! कळतंय का तुला?” तो मोठ्याने बोलला. समोरच्या बाकावरची माणसं बघायला लागली. मग माझ्याकडे वळला. “मावशी, तुम्ही तरी समजवा हिला.”

मी काय केलं ते लिहिते. मी म्हटलं, “मी खूप समजावलं रे बाबा.”

द्वारकाबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी गप्प राहिले ते त्यांनी मला वाचवलं म्हणून, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. मी भ्याले. आणि त्या गप्प राहण्याचा परिणाम तिथेच संपला नाही. पाडलं तुम्ही, असा शिक्का बसलेल्या बाईला पुढे घरात तोंड राहत नाही. निरंजनने दांडे लावलेली लोखंडी खाट आणली, चाकाची खुर्ची आणली, दिवसभरासाठी एक नर्स ठेवली. पाट स्वतःच्या हाताने गच्चीवर नेऊन टाकीच्या मागे टाकले. द्वारकाबाई म्हणाल्या, “टाके भरलेत, आता हळूहळू उभं करू दे.” तो म्हणाला, “तू आता काही करू नकोस.” उत्तर माझ्याकडे होतं.

नर्स चांगली होती, मायाळू होती. चमच्याने भरवायची, अंग पुसायची, सदरा काढून तिने ते बिनबटणांचे बनियन चढवले. ऑपरेशनच्या डॉक्टरांनी चालवा म्हणून सांगितलं होतं, पण बळवंतराव दुखतंय म्हणायचे आणि ती परत निजवायची. तीन महिन्यांत माणूस लोण्यासारखा झाला. उजवा हात मांडीवर पडून राहू लागला, बोटं आत वळली. “एक” सुद्धा म्हणेनासे झाले. मी वर गेले की डोळ्यांतून पाणी काढायचे. आता ते पाणी मला बरं वाटत नव्हतं.

नर्सला तिच्या गावी जावं लागलं, दुसरी लवकर मिळेना. त्याच दुपारी द्वारकाबाईंनी कठड्यावरून हाक मारली, “चंद्राबाई, वर या.”

गेले.

“गच्चीवर टाकीच्या मागे पाट आहेत. मला हाताने उचलत नाहीत. एकेक आणा.”

माझ्या दारापासून गच्ची म्हणजे छत्तीस पायऱ्या. तीन पाट एकदम आणता आले असते, हलकेच होते. त्या म्हणाल्या, एकेक आणा. आणि प्रत्येक पाट आधी माझ्या नळावर नेऊन ओल्या फडक्याने पुसायचा आणि मग वर आणायचा. त्यांच्याकडे काय नळ नव्हता? मी तीनदा चढले, तीनदा उतरले. शेवटच्या पाटाला मी जिन्यात बसून रडले. गुडघ्यांमुळे, असं तेव्हा मला वाटलं.

वर आले तर त्यांनी पाणी दिलं आणि पाटाची पालथी बाजू बोटाने चाचपली. दोन पट्ट्या उन्हाने कडक झाल्या होत्या. त्यांनी हातोडी आणि नवीन ट्यूब काढून ठेवली होती. वाकड्या कोपराने पट्टी दाबून धरत त्या चुका मारू लागल्या, आणि मारता मारताच बोलल्या. त्यांनी स्वतःबद्दल मला सांगितलेली एवढी एकच गोष्ट.

“मी नऊ वर्षांची असताना चिंचेवरून पडले. कोपर मोडलं. वैद्याने बांधलं आणि महिन्याने सोडलं. म्हणाला, आता रोज हलवा, रडली तरी हलवा. आईला माझं रडणं बघवेना. तिने परत झोळीत बांधला हात. वर्षभर. मला भरवायची, वेणी घालायची, धडे कोणी ना कोणी लिहून द्यायचं. मी राणी होते त्या वर्षी.” त्यांनी हात पुढे केला, जेवढा जात होता तेवढा. “हे आईने केलं. माझ्यावर फार जीव होता तिचा.”

मग चुका तोंडात धरल्या आणि पुढची पट्टी घेतली.

मी तेव्हा तरी म्हणायला हवं होतं, द्वारकाबाई, चुकलं माझं. नाही म्हटलं. मी विचारलं, “उद्या किती वाजता येऊ?”

“दहाला.”

पुढचं दीड वर्ष मी रोज दहाला अठरा पायऱ्या चढले. बळवंतरावांना धरायला नव्हे. धरायची परवानगी नव्हती. मी फक्त त्यांच्यामागे दोन हात पसरून चालायचं, हात लावायचा नाही. त्या पुढून म्हणायच्या, “हल्लू. हल्लू. कॅलेंडर बघा. खाली काय सोनं सांडलंय?” पहिले दोन महिने ते चांगला पाय आधी टाकायचे. मग द्वारकाबाईंनी सांगितलं, “आता आजारी पाय आधी. त्याला किती दिवस पाहुणा ठेवायचं?” बळवंतराव चिडले तर डाव्या हाताने काठी फेकायचे. त्या काठी उचलून देत नसत. काठी जिथे पडली तिथवर त्यांनी भिंत धरून जायचं. एकदा त्यांनी इतकी लांब फेकली की ती दाराबाहेर जिन्यापाशी गेली. द्वारकाबाई म्हणाल्या, “शाब्बास. आज जिनाही होऊन जाऊ द्या.” बळवंतराव रागाने पहिली पायरी उतरले आणि मग पायरीवर बसून हसू लागले. पक्षाघातानंतर मी त्यांना हसताना प्रथम तेव्हा पाहिलं. रडणं पुष्कळ पाहिलं होतं, ते माझ्याकडून घडलं होतं.

जिना उतरायला त्यांना सहा महिने लागले. रोज एक पायरी जास्त, असा हिशेब नव्हता. काही पायऱ्यांना महिना लागला. मीही त्यांच्यामागे उतरायचे. माझे गुडघे दुखायचे थांबले नाहीत, पण ज्या बाईला रिक्षात चढायला हात लागत होता, ती मी आता भाजी घेऊन चालत येते. त्याचं मला कोणी कौतुक सांगू नये. ते मला शिक्षा म्हणून मिळालं आणि मी त्याचा फायदा खाल्ला.

गेल्या वर्षी, पोळ्या करण्याच्या वेळेला, माझ्या दारावर थाप पडली. थाप कसली, कोणीतरी तळवा घासत होतं. दार उघडलं तर बळवंतराव. एकटे. काठी नव्हती. सदऱ्याची बटणं नीट लागलेली. उजवा हात दारावर टेकलेला होता. मी जिन्याकडे पाहिलं, द्वारकाबाई मागे असतील म्हणून. नव्हत्या.

“ती,” ते म्हणाले. “छा-ती. वर... या.”

अठरा पायऱ्या ते एकटे उतरले होते. मी दोन-दोन पायऱ्या चढून गेले. द्वारकाबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा राखेसारखा, हातात अजून पोळीचं पीठ. गॅस त्यांनी बंद केला होता. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. तीन दिवस होत्या, तिसऱ्या दिवशी गेल्या. वेळेत आणूनही माणूस जातो.

तेराव्याला निरंजन पाहुण्यांना वाढत होता. पुण्याची कोणी मामी म्हणाली, तुझ्या बाबांची प्रकृती किती छान झालीय. तो म्हणाला, “मध्ये आईच्या हट्टापायी पडले होते ना, तेव्हा आम्ही आशा सोडली होती. बाबाच चिवट.” माझ्या पानात त्याने दुसऱ्यांदा खीर वाढली. मी खाल्ली.

त्यानंतर महिन्याभराने मी वर गेले, दहा वाजता. बळवंतराव थाळी घेऊन बसले होते. डाळ आता ते स्वतःच मिसळतात आणि स्वतःच निवडतात. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. पाट मी उचलला होता. हसत उभी होते. दवाखान्यात खोटं बोलले. सगळं, एका दमात.

ते निवडत राहिले. तुरीचा ढीग पुरा झाला तेव्हा त्यांनी मान वर केली.

“ती पाट... धुवत नसे,” ते म्हणाले. “पुसायची. धुतलं की... रबर सुटतं.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. ‘धुवायला उचलला’ हे द्वारकाबाईंचं वाक्य निरंजनकडून त्यांच्या कानावर गेलं तेव्हापासून. उजव्या हाताने त्यांनी थाळी माझ्याकडे थोडी सरकवली. निरंजनला फोन मी त्या दिवशी केला. तो काय म्हणाला ते त्याचं त्याला. फोन पाच वर्षं उशिरा केला, तेवढं माझं.

द्वारकाबाई मला आठवतात त्या दवाखान्यातल्या नाहीत. त्यांच्या छातीत दुखलं त्या सकाळी ॲम्ब्युलन्सची दोन माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली. स्वयंपाकघरातून बाहेर यायला पाटांवरूनच वाट. पुढचा माणूस वैतागून म्हणाला, “ये सामान हटाओ, अम्मा, रस्ते में कायकू रखे?” मी तिन्ही पाट भराभर उचलून भिंतीशी लावले. स्ट्रेचर माझ्यापाशी आलं तेव्हा द्वारकाबाईंनी पीठ लागलेला हात हलवला. मला वाटलं, पाणी हवंय. मी वाकले.

“पाट जागेवर ठेवा,” त्या म्हणाल्या. “मधला विसराल.”

जिन्यावरून त्यांना उतरवलं. खाली माझ्या दारात बळवंतराव भिंत न धरता उभे होते, आणि स्ट्रेचर गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत त्या मान वाकडी करून त्यांच्या पायांकडे बघत होत्या.

मी वर जाऊन पाट मांडले. एक, दोन, तीन.

त्या परत आल्या नाहीत. वाचलो ते आम्ही दोघं. जे पडले ते, आणि जिने पाडलं ती.